वेळशेतच्या पुलावरची बोलकी पाटी

वेळशेतच्या पुलाच्या तोंडाशी रेश्मावैनीची चहाची टपरी होती. टपरीला लागून पूर्वी एक भिंत होती, तिच्यावर सरकारी सूचनांचे कागद चिकटवलेले असत आणि आठवडाभरात गुरं ते चघळून टाकत. आता त्या जागी दाराएवढा काळा फलक उभा होता. सूचना त्याच्यावर उमटायची, आणि कोणी समोर जाऊन "वाच गो बाय" म्हटलं की फलक ती साध्या बोलीत समजावून सांगायचा. सरकारी नाव 'उकल-फलक' होतं. गावाने त्याला बोलकी पाटी म्हटलं, आणि तेच नाव राहिलं.

पाटी फार हुशार होती अशातला भाग नाही. हुशार यंत्रं तोवर घरोघरी झाली होती, आणि त्यांना काहीही विचारा, ती गोड आवाजात काहीतरी ठोकून द्यायची. उकल बनवणाऱ्यांनी नेमकी तीच खोड मोडली होती. सूचनेत आहे तेवढंच सांगायचं, पदरचं काही घालायचं नाही. सूचनेत नसलेलं कोणी विचारलं, तर "हे सांगितलेलं नाही" असं म्हणायचं आणि तो प्रश्न सही करणाऱ्याच्या फोनवर पाठवायचा. उत्तर येईपर्यंत प्रश्न आणि सही करणाऱ्याचं नाव पाटीवर शेजारी शेजारी दिसत राहायचं. सुबोध सूचना कायदा झाला तेव्हा कचेऱ्यांना यात गैर काही वाटलं नाही. लोक विचारून विचारून काय विचारणार, असा त्यांचा हिशेब होता.

शिमग्याच्या तोंडावर पाटीवर एक सूचना आली.

'वेळशेत–कारूळ जोडपुलाच्या संरचनात्मक स्थितीचे सातत्याने निरीक्षण करण्यात येत असून, आगामी उत्सवकाळातील संभाव्य वर्दळीच्या पार्श्वभूमीवर पुलाचा वापर करताना सर्व संबंधितांनी योग्य ती दक्षता घ्यावी.' खाली सही होती, मृदुला राहाटे, उपअभियंता.

रेश्मावैनीने दूध उतू जाऊ नये म्हणून गॅस बारीक केला आणि पाटीला वाचायला सांगितलं.

"पुलाकडे लक्ष ठेवलं जात आहे," पाटी म्हणाली. "सणात गर्दी होईल. पुलावर जाताना काळजी घ्या. कोणती काळजी, ते सांगितलेलं नाही. पुलाला काय झालं आहे, तेही सांगितलेलं नाही."

"मंग सांगितलंय काय?"

"सणात गर्दी होईल."

टपरीवरची माणसं खो खो हसली. सणात गर्दी होते हे कळायला गावाला पाटीची गरज नव्हती. हसले नाहीत ते एकटे दत्ताराम मांडवकर. दत्तारामदादा वाघजाईचे मानकरी होते, शिमग्यात देवीसमोर गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराण्याचा. त्यांनी हातातला ग्लास बाकड्यावर ठेवला आणि पुलाकडे पाहत राहिले.

शिमग्याला वेळशेतची वाघजाई नदीपल्याडच्या कारूळच्या जाखमातेला भेटते. दोघी बहिणी. पूल झाल्यापासून ही भेट पुलाच्या मधोमध व्हायची. दोन्ही पालख्या खांद्यावर नाचत यायच्या, ढोल एका ठेक्यात घुमायचे, आणि दोन्ही गावं, मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांसकट, त्याच ठेक्यात पुलावर उड्या मारायची. रेश्मावैनीचा नवरा प्रकाश पालखीला पुढचा खांदा द्यायचा. ती स्वतः कठड्याला टेकून, पोरीला कडेवर घेऊन ते बघायची.

दत्तारामदादा पाटीसमोर गेले. देवाला विचारायची सवय असलेला माणूस, त्यांनी प्रश्नही तसाच घातला. "बा महाराजा, आमची पालखी नेमानं पुलावर जाते. ती यंदा न्यावी का न न्यावी, ते तू सांग रे महाराजा."

"व्हय महाराजा," टपरीवरून सवयीने चारदोन आवाज आले.

"महाराजा कोण, ते कळलं नाही," ती म्हणाली. "सूचनेवर मृदुला राहाटे यांची सही आहे. पालखी न्यावी की नाही, हे सूचनेत सांगितलेलं नाही. प्रश्न त्यांच्याकडे पाठवला आहे."

मृदुला राहाटेच्या फोनवर प्रश्न आला तेव्हा ती तालुक्याच्या कचेरीत पुलासमोरच बसली होती. हा पूल संगणकातला होता. खऱ्या पुलाच्या खांबांत बसवलेले ताणमापक रात्रंदिवस आकडे पाठवत, आणि त्या आकड्यांवर हा पूल तोलला जाई, खरा थकला की हाही थके, तापला की तापे. कचेरीत त्याला 'जुळा' म्हणत. गेल्या पावसाळ्यातल्या पुराने दुसऱ्या खांबाच्या पायाखालची वाळू खरवडून नेली होती. वरून काही दिसत नव्हतं, डागडुजीही झालेली होती, पण जुळ्याला ते कळत होतं.

रोजच्या एसट्या आणि रिक्षा जुळा निमूट सोसायचा. मग मृदुलेने त्याच्यावर शिमगा घालून पाहिला होता. दोन पालख्या, मधोमध गर्दी, आणि ढोलाचा ठेका. माणसं नुसती उभी राहिली तर फारसं बिघडत नव्हतं. एका ठेक्यात नाचली की मात्र पूल झोपाळ्यासारखा व्हायचा, योग्य वेळी दिलेला हलका झोका आधीच्या झोक्यात भर घालतो तसा. पुस्तकात याला अनुनाद म्हणतात. तिने पुन्हा पुन्हा नाचवून पाहिलं. बहुतेक वेळा जुळा उभा राहिला. काही वेळा दुसरा खांब खचला, आणि मधला भाग खाली बसला.

त्याच दिवशी तिने सूचनेचा मसुदा केला होता. 'पुलाचा दुसरा खांब कमजोर झाला आहे. पुलावर पालखी नाचवू नका. पूल पडण्याचा धोका आहे.'

कचेरीत मसुदा एका टेबलावरून निघत नाही, तो सगळ्या टेबलांवरून जातो, आणि प्रत्येक टेबलाला त्याच्यात काहीतरी केल्याशिवाय चैन पडत नाही. विधी शाखेने 'नाचवू नका' काढलं, कारण मनाई करण्याचा अधिकार जिल्ह्याचा. जनसंपर्काने 'धोका' काढला, कारण घबराट पसरते. 'पालखी' काढली ती कार्यकारी अभियंता सबनीस यांनी, कारण धर्माच्या गोष्टीत आपण कशाला पडा. 'कमजोर' कोणी काढलं ते कळलंच नाही. कोणीही खोटं लिहिलं नव्हतं. प्रत्येकाचं कारण चोख होतं. शेवटी उरलेलं वाक्य मृदुलेच्या टेबलावर परत आलं आणि तिने सही केली. तिला ते आवडलं नव्हतं, पण सगळ्यांनी पाहिलंय म्हणजे ठीकच असेल, असं म्हणून तिने सही केली होती.

"त्यात काय," सबनीस प्रश्न पाहून म्हणाले. "उत्तर देऊ की. लिहा, स्थानिक रूढी-परंपरांचा यथोचित आदर राखून सुरक्षेस प्राधान्य देण्यात यावे."

सबनीस वाईट माणूस नव्हते. तरुणपणी एका धरणाच्या भिंतीवरच्या भेगेला त्यांनी कागदोपत्री 'भेग' म्हटलं होतं आणि त्यापायी त्यांची उमेदीची वर्षं चौकशीत गेली होती. त्यानंतर त्यांनी कुठल्याच भेगेला भेग म्हटलं नाही. त्यांच्या लेखी ती 'रेषीय खूण' असायची.

मृदुलेने ते वाक्य पाठवलं. काही मिनिटांत टपरीवरून पाटीचा निरोप परत आला, की प्रश्न पालखी न्यावी की नाही हा होता, आणि उत्तरात ते सांगितलेलं नाही.

मग सबनिसांना चेव आला. त्यांनी उत्तर वाढवलं. 'आयोजकांनी सक्षम प्राधिकाऱ्यांच्या समन्वयाने परिस्थितीनुरूप निर्णय घ्यावा' असं घातलं. पाटीने ते सोलून सोलून पाहिलं आणि पुन्हा तेच म्हटलं. कचेरीतली इतर टेबलंही उठून आली. एवढ्या अनुभवी माणसांनी एका फळ्यापुढे हरायचं म्हणजे काय! दुपारपर्यंत उत्तर पानभर झालं आणि पाटीचा निरोप तसाच एका ओळीचा राहिला.

इकडे टपरीवर जत्रा भरली होती. कचेरीचं नवं उत्तर आलं की कोणीतरी पाटीला वाचायला लावी, आणि "हे सांगितलेलं नाही" आलं की टाळ्या पडत. रेश्मावैनीचा चहा दुप्पट खपला, पण ती हसत नव्हती. तिने प्रकाशला बाजूला घेतलं.

"पुलाला कायतरी झालंय," ती म्हणाली. "काय नसतं झालं, तर एवढं लिवलं नसतं. नुसतं 'न्या' म्हनाले असते."

"तसं असतं तर 'नको' म्हनाले नसते?" प्रकाश म्हणाला. "नको म्हनाले नायत, म्हंजे न्यायची."

गावात बहुतेकांचं असंच मत होत चाललं होतं. कचेरी नाही म्हणत नाही, म्हणजे तिचं होय आहे. दत्तारामदादांना मात्र ते पटेना. ते कौल लावणाऱ्या गावचे. वेळशेतला काही ठरवायचं झालं की देवीच्या अंगावर फुलं लावतात. उजवीकडचं पडलं तर होय, डावीकडचं पडलं तर नाही. आणि कुठलंच फूल पडलं नाही, तर त्याचा अर्थ होय असा कोणी धरत नाही. गाऱ्हाणं नीट घातलं गेलं नाही असं समजून ते बदलून पुन्हा घालतात.

"कौल पडत नाय, तवा चूक इचारनाऱ्याची," ते टपरीवर म्हणाले. "आपुन पालखीचं इचारलं. पालखीचं सांगायचा त्यांना अधिकार नसंल. मंग ज्याचं त्यांना सांगता येईल तेच इचारूया."

ते उठले, धोतराचा सोगा सावरला आणि पाटीसमोर उभे राहिले. या वेळी त्यांनी महाराजाला मध्ये घेतलं नाही.

"राहाटेबाईंना इचार. शिमग्याच्या दिशी, पालख्या नाचत असताना, तुमी सोता आमच्यासंगती पुलाच्या मधोमध उभ्या ऱ्हाल काय?"

टपरीवर कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

मृदुलेने प्रश्न वाचला आणि खुर्ची मागे सरकवली. समोर जुळा पूल पडद्यावर शांत उभा होता. मागून सबनीस वाकून पाहत होते.

"हे व्यक्तिगत आहे," ते म्हणाले. "याला उत्तर द्यायला आपण बांधील नाही. लिहा, सदर बाब कार्यालयीन कक्षेत येत नसल्याने..."

"सर, तुम्ही उभे राहाल?"

सबनीस सरळ झाले. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. "बहुतेक वेळा तो उभा राहतो, राहाटे. तुम्हीच दाखवलंत."

"हो. आणि काही वेळा नाही राहत. दोन्ही मला माहीत आहे. त्यांना यातलं एकही माहीत नाही."

"आणि आपण अडवलं, आणि पूल धडधाकट निघाला तर? दोन गावांची भेट मोडली म्हणून तुमच्या नावाने बोंब मारतील. शिमगा आहे, बोंब मारायला त्यांना निमित्तही लागत नाही."

"मारू देत," मृदुला म्हणाली. बोलताना वाटलं तेवढं धैर्य लिहिताना नव्हतं. तिने पहिला शब्द लिहिला आणि तो लिहिल्यावर बाकीचे आपोआप आले.

'नाही. मी उभी राहणार नाही. पुराने दुसऱ्या खांबाखालची वाळू गेली आहे. चालत जायला, एसटीला पूल चालेल. पण सगळे एका ठेक्यात नाचले तर तो पडू शकतो. पडेलच असं मी म्हणत नाही, ते मला माहीत नाही. पण पडू शकतो हे मला माहीत आहे. माझ्या घरचं कोणी त्या गर्दीत असतं तर मी त्याला हाताला धरून बाहेर काढलं असतं. तुम्ही पुलावर पालखी नाचवू नका.'

"पाठवण्याआधी एकदा माझ्या टेबलावर..." सबनीस म्हणाले.

"गेलं, सर."

संध्याकाळी ती स्वतः वेळशेतला आली. आली नसती तरी चाललं असतं, पण लिहून घरी जाऊन बसणं तिला जमेना. मंदिरासमोर दोन्ही गावची माणसं जमली होती. शिव्या खायची तयारी करूनच ती गाडीतून उतरली. थोड्या खाल्ल्याही. एक चाकरमानी म्हणाला, सरकारला आमचे सणच बरे दिसतात. दुसरा म्हणाला, डागडुजी केली ती काय झोपेत केली? मृदुला म्हणाली की डागडुजी वरची झाली, पायाची राहिली, आणि ते आधी कळायला हवं होतं. यावर तो माणूस बाजूला झाला. कदाचित भांडायला आलेल्या माणसाला एवढं सरळ उत्तर अपेक्षित नसतं.

दत्तारामदादांनी तिला देवळाच्या पायरीवर बसायला सांगितलं.

"बाई, तुमी डावा कौल दिलात," ते म्हणाले. "वाईट वाटलं. पन डावा तर डावा. आता म्होरचं इचारता येईल."

गुरवाने देवीला फुलं लावली. दत्तारामदादांनी गाऱ्हाणं घातलं. पूल नव्हता तेव्हा दोघी बहिणी नदीच्या पात्रात, वाळूत भेटत असत, त्यांच्या आजोबांनी ते पाहिलं होतं. यंदा तशीच भेट घ्यावी का? विज्ञान शिकलेली मृदुलाही फुलाकडे डोळे लावून होती, याचं तिचं तिलाच नवल वाटलं. उजवीकडचं फूल सुटलं.

"व्हय महाराजा!"

मृदुलेला एकदम रडू आलं. रेश्मावैनीने तिच्या हातात चहाचा ग्लास दिला. तो बासुंदीसारखा दाट होता आणि तिने तो सगळा प्यायला.

शिमग्याला नदीचं पात्र सुकं होतं, मधून टाचा भिजतील एवढीच धार वाहत होती. पुलापासून चांगलं लांब, वरच्या अंगाला, दोन्ही पालख्या वाळूत उतरल्या आणि नाचल्या. वाळूत ठेका धरताना पाय रुतत होते, पालखीचे भोये धापा टाकत होते, आणि प्रकाश एकदा गुडघ्यावर आला तेव्हा पुलावर असं कधी होत नाही म्हणून कुरकुरला. रेश्मावैनी पोरीला घेऊन धारेत पाय सोडून बसली होती. ती त्याच्याकडे बघून हसली. म्हातारी माणसं म्हणाली की अशी भेट त्यांनी फक्त ऐकली होती. रिकामा पूल तिकडे उन्हात उभा होता, अगदी धडधाकट दिसत होता, आणि उगाच अडवलं, असा विचार पुष्कळांच्या मनात आला असणार.

रंगपंचमी आटोपल्यावर कचेरीने पुलाची परीक्षा घेतली. मधोमध एक कंपनयंत्र ठेवलं. ढोलाचा जो ठेका असतो त्याच ठेक्यात ते पुलाला धक्के देणार होतं. दोन्ही टोकांना दोर बांधून वाट बंद केली होती. दत्तारामदादा, रेश्मावैनी आणि निम्मं गाव टपरीपाशी उभं होतं. सबनीसही आले होते, उन्हात टोपी घालून.

यंत्र सुरू झालं. बराच वेळ काही झालं नाही. सबनिसांनी मृदुलेकडे पाहिलं, तिने पाहणं टाळलं. मग पुलाच्या कठड्यावर ठेवलेली एक रिकामी बाटली घरंगळून पडली. कठडा लाटेसारखा वरखाली होताना डोळ्यांना दिसू लागला. आणि मग खालून, नदीच्या पोटातून आल्यासारखा, एक जाड आवाज झाला. दुसरा खांब हातभर खाली बसला, वरचा रस्ता कडकन तुटला आणि कंपनयंत्र तुकड्यांसकट वाळूत जाऊन पडलं.

धूळ हळूहळू खाली बसली. यंत्र जिथे उभं होतं, तिथेच दरवर्षी पालख्या थांबत. रेश्मावैनीने प्रकाशचा दंड धरला होता, तो तिने सोडला नाही. प्रकाशही उभाच राहिला. दत्तारामदादा बाकड्यावर बसले, डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि नुसतेच हात जोडले. हात देवीला जोडले की मृदुलेला, ते कोणी विचारलं नाही.

"वाचलाव," शेवटी रेश्मावैनी म्हणाली. "समदी वाचलाव." मग ती हसू लागली, आणि तिच्यामागे सगळेच हसू लागले. काही जण डोळे पुसत होते. कोणीतरी चहा मागितला. पूल गेला होता, आता वळसा घालून तालुक्याला जावं लागणार होतं, आणि तरी शिमगा पुन्हा आल्यासारखा आनंद टपरीवर झाला.

त्या गडबडीत दत्तारामदादा उठून पाटीसमोर गेले.

"वरच्या आंबेडीच्या पुलावर जुनी कागदी सूचना हाय," ते पाटीला म्हणाले. "त्याच्यावर बी 'योग्य ती दक्षता' लिवलंय. ती कसली, ते इचार."

पाटीने कचेरीच्या नोंदींतून ती सूचना शोधली. "हे सांगितलेलं नाही," ती म्हणाली. "सूचनेवर वि. ग. सबनीस यांची सही आहे. प्रश्न त्यांच्याकडे पाठवला आहे."

चार पावलांवर सबनिसांच्या खिशात फोन वाजला. टपरीवरची माणसं वळून पाहू लागली. सबनिसांनी फोन काढला आणि प्रश्न वाचला. त्यांचा अंगठा सवयीने 'सदर' हा शब्द लिहून गेला. त्यांनी तो पाहिला आणि पुसून टाकला. मग त्यांनी तुटलेल्या पुलाकडे, खाली वाळूत पडलेल्या यंत्राकडे पाहिलं.

फोन हातात तसाच धरून ते बाकड्यावर, दत्तारामदादांच्या शेजारी येऊन बसले. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांनी कधी कोणाला विचारलं नव्हतं, ते त्यांनी विचारलं.

"मांडवकर, त्या आंबेडीच्या पुलावरून रोज कोण कोण जातं हो?"